कर्नलकाका आणि मंडळाची रिकामी खुर्ची

मंडळी, रविवारची सकाळ सोडून तुम्ही सगळे आलात. काहीजण तर थेट अ‍ॅशबर्नहून चार तास ड्राइव्ह करून आलात. समोर काकू बसल्यात, शेजारी समीर बसलाय. मला बोलायला सांगितलंय. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

आपले कर्नलकाका गेले. गेल्या आठवड्यापर्यंत पार्कात फेऱ्या मारत होते, टीव्हीवरच्या निवडणुकीवरून आपल्याशी वाद घालत होते. हार्ट अटॅकने कुणाशी दोन शब्द बोलायलाही वेळ दिला नाही.

फौजेतून रिटायर होऊन ते इथे अमेरिकेत, एडिसनला मुलाकडे, समीरकडे आले. आपल्या मराठी मंडळात कधी कुठलं पद घेतलं नाही. खुर्च्या लावायला पहिले, खुर्चीवर बसायला शेवटचे. पण आज हे मंडळ एकत्र बसलंय ना, ते त्यांच्यामुळे. गेल्या वर्षी काय झालं ते आठवतंय ना सगळ्यांना? नवीन आलेल्यांसाठी सांगते.

गेल्या उन्हाळ्यात आपले अध्यक्ष वसंतराव अचानक गेले. गणपती तोंडावर आलेले. मंडळाची घटना सांगते की अध्यक्ष गेला तर निवडणूक होईपर्यंत उपाध्यक्षाने काम पाहायचं. उपाध्यक्ष मी होते. पण घटना वाचतंय कोण? आपल्याकडची खरी रीत वेगळी. मंडळाची पितळी मूर्ती वर्षभर ज्याच्या बेसमेंटमध्ये, तो अध्यक्ष! वसंतरावांच्या पत्नी मुलीकडे राहायला निघाल्या, तेव्हा घर आवरताना त्यांनी मूर्ती समीरच्या हवाली केली. समीर सेक्रेटरी होता. वहिनींच्या मनात काही नव्हतं. पण समीरच्या दोस्तांनी लगेच ईमेल टाकला, गणपती समीरकडे, म्हणजे अध्यक्ष समीर.

झालं! मंडळाची दोन शकलं. समीरने एक हॉल बुक केला, आमच्या लोकांनी दुसरा. एकाच गावात, एकाच दिवशी दोन गणपती बसणार होते. ओक ट्री रोडवर माणसं एकमेकांना बघून फुटपाथ बदलायला लागली. मुलांच्या नाटकाची प्रॅक्टिस कॅन्सल झाली, कारण अर्धी मुलं इकडची आणि अर्धी तिकडची.

शेवटी दोन्हीकडची माणसं काकांकडे गेली. म्हणाली, "काका, तुम्हीच अध्यक्ष व्हा. तुमच्यापुढे कोणी बोलणार नाही."

काका म्हणाले, "कोणी बोलणार नाही, म्हणूनच नको."

मंडळी, मी तिथे होते. किती सोपं होतं हो म्हणणं! सगळे हात जोडून उभे होते. काका म्हणाले, "फौजीने दारावर उभं राहावं. आत कोण बसणार ते तुम्ही ठरवा. निवडणूक घ्या. तोवर घटनेत लिहिलंय तसं विद्या काम बघेल. आणि मूर्ती कुणाच्याच घरी राहणार नाही, देवळात राहील."

मूर्ती तर त्यांच्याच घरी होती. त्यांच्याच मुलाकडे. काका उठले, आमच्यादेखत बेसमेंटमध्ये गेले आणि समीरला म्हणाले, "मूर्ती गाडीत ठेव."

समीर म्हणाला, "बाबा, मी तुमचा मुलगा आहे."

"म्हणूनच तुला आधी सांगतोय."

समीरने मूर्ती गाडीत ठेवली. त्या वेळचा त्याचा चेहरा मी विसरलेले नाही.

मग शाळेच्या कॅफेटेरियात मतदान झालं. काका ब्लेझर घालून दारात उभे. कुणीतरी ओरडलं, "मंडळात मार्शल लॉ लागला यार!" काका म्हणाले, "मार्शल लॉ असता तर तू एवढी बडबड केली असतीस का?" सगळे हसले. कितीतरी दिवसांनी दोन्हीकडचे एकदम हसले. चिठ्ठ्या मोजल्या. समीरविरुद्ध थोड्याशा मतांनी मी निवडून आले. गणपती एकच बसला.

मंडळ सांधलं. पण काकांचं घर?

समीर मंडळात यायचा थांबला. एका छताखाली बापलेक राहत होते, पण बोलणं काय, तर "जेवलास?" "जेवलो." काकू माझ्याकडे येऊन रडायच्या. समीरच्या मनात एकच बसलं होतं, की बाबांनी आपल्याला हरवलं. चारचौघांत हरवलं.

समीर, आता मी तुझ्याशी बोलतेय. इकडे बघ.

त्या दिवशी मोजणी झाल्यावर सगळे पांगले. मी आणि काका खुर्च्या घडी करत होतो. काका म्हणाले, "विद्या, तुला कळायला हवं म्हणून सांगतो. माझं मत समीरला होतं."

मी म्हटलं, "काका, मग मूर्ती का काढून घेतलीत त्याच्याकडून?"

म्हणाले, "मत माझं होतं, ते दिलं. मूर्ती सगळ्यांची होती." मग हसले. "पोरगं उतावळं आहे. पण मंडळ चांगलं चालवेल. तुझ्यापेक्षा जरा बरंच चालवेल."

मला राग यायला हवा होता, नाही का? नाही आला. एवढा खरा माणूस समोर उभा असताना राग येतो कुठे?

मी म्हटलं, "मग सांगा ना त्याला." काकांनी नकारार्थी मान हलवली. म्हणाले, "आत्ता कळलं तर लोक म्हणतील, दारावरचा माणूसच एका बाजूचा होता. मग तुझ्या निवडणुकीला काय अर्थ राहील? पुढच्या वर्षी डिसेंबरात तुझी मुदत संपते ना? ती संपली की मीच सांगेन. समीरला घेऊन लांब ड्राइव्हला जाईन आणि सांगेन."

डिसेंबर यायला अजून वेळ आहे मंडळी. काका थांबले नाहीत.

म्हणून आज मुदत संपायच्या आधीच मी सांगतेय. माझ्या निवडणुकीबद्दल कुणाला काही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मी ऐकून घेईन. पण समीर, वर्षभर तू ज्या मतासाठी झुरलास, ते तुझंच होतं. तुझ्या बाबांचं मत तुला होतं.

मंडळी, आता आपण सगळे उभे राहू या. काही बोलायचं नाही. फक्त त्यांना आठवायचं.

समीर, तुला उठवत नसेल तर बसून राहा. आम्ही उभे आहोत.