जुहूचा व्हरांडा

लालबागच्या दूध केंद्राच्या रांगेत माझ्यापुढे दोघी शेजारणी उभ्या होत्या. आवाज मात्र साऱ्या रांगेला पुरेल असा.

“कौसल्यावहिनी, जुहूच्या हॉटेलात राहून आलात म्हणे.”

“जावई तिथं खानसामा आहे ना. हे सत्याग्रहात दोन महिने तुरुंगात होते. सुटून आले तसा तो म्हणाला, चला, दोन दिवस आराम करा.”

“कसं होतं?”

“माडांत खोल्या, समोर समुद्र. पलंग एवढा, की आपलं अख्खं बिऱ्हाड झोपेल.”

“मजा आहे तुमची.”

“कसली मजा, बेबी. पहिल्या रात्री जेवण झालं, तशी ह्यांनी उशी उचलली नि व्हरांड्यात जाऊन झोपले.”

“ते का?”

“का म्हणजे? पंचवीस वर्षं चाळीच्या गॅलरीत झोपतायत. बायकापोरं आत, बाप्ये बाहेर. पाय आपोआप तिकडे वळले.”

“हाक नाही मारलीत?”

“मारणार होते, तोवर घोरायला लागले. सकाळी चहा घेऊन बेअरर आला, तो मला हळूच विचारतो, बाईसाब, झगडा हुआ क्या?”

“मग दुसऱ्या रात्री?”

“दुसऱ्या रात्री मी पण उशी घेऊन बाहेर गेले. बेअररने सकाळी दोन्ही कप व्हरांड्यातच आणले.”

“आणि आता घरी?”

“घरी सासूबाई आहेत, पोरं आहेत. ते दाराबाहेर गॅलरीत, मी आत.”

“म्हणजे होतं तसंच.”

“तसंच. सरक पुढे बेबी, रांग हलली. फक्त मी आता चुलीकडे नाही, दाराकडे डोकं करून झोपते.”