शेठची शेवटची सवय

(सुरतमधली वराछाची एक खोली. भीखुभाई इस्त्रीचा सदरा घालून खाटेवर बसले आहेत. समोर नात ध्रुवी, हातात कागद. दाराशी मुलगा जयसुख.)

ध्रुवी : मध्येच हसायचं नाही हं आजोबा. ‘करमशीशेठ तरुणपणी पहाटे चारला उठत...’ हसलात!

भीखुभाई : उठायचा गं, उठायचा. पण उठवायचं कोण? मी! पांघरूण ओढलं तरी हलायचा नाही. मग तळपायावर गार पाणी. बरं, वाच पुढे. सावकाश.

जयसुख : बापूजी, तीन वाजले. शेठ चारनंतर कुणाला भेटत नाहीत.

भीखुभाई : निघतोच. परवा समाजाच्या वाडीत, कार्यक्रमाच्या हॉलमध्ये, शेठसमोर बोलायचंय पोरीला. एवढं होऊ दे.

जयसुख : तिच्या भाषणानं मला काम मिळणार आहे का? दिवाळीची सुट्टी म्हणून आमच्या मालकानं कारखाना बंद केला, होळी आली तरी उघडला नाही. कतारगामच्या कारखान्याचा मॅनेजर म्हणतो, हिऱ्याचं काम आहे, कुणा मोठ्या माणसाचा शब्द आण आणि उद्यापासून घंटीच्या चाकावर हिरे घासायला बस. उद्या ती जागाही जाईल. शेठनी एक फोन केला की झालं.

भीखुभाई : म्हणून तर सदरा घातलाय. ध्रुवी, वाच.

ध्रुवी : ‘ते बाहेर चहा पीत नसत.’

भीखुभाई : मी अजून पीत नाही.

ध्रुवी : ‘हिऱ्याचा कण घरंगळला, तर सापडेपर्यंत जेवत नसत.’

भीखुभाई : एकदा दोघं रात्रभर उपाशी शोधत होतो. सकाळी कण माझ्या केसांत निघाला. कसला चिडला होता माझ्यावर!

ध्रुवी : म्हणजे तुम्हीपण हे सगळं करायचात?

भीखुभाई : तेव्हा एका खोलीत राहणारे आम्ही आठही जण करायचो. जीवराज तर अंघोळीच्याच पाण्यात कपडे धुवायचा.

ध्रुवी : ते पण शेठ झाले?

जयसुख : जीवराजकाका शेठच्याच बंगल्यावर वॉचमन आहेत.

ध्रुवी : मग एकटे करमशीशेठच कसे झाले?

जयसुख : सांगा ना बापूजी. भाषणात घालू दे तिला.

भीखुभाई : बाळा, हिरे घरी घासायला देताना कागद नसतो, पावती नसते. कुणीतरी म्हणायचं, ‘याला द्या, मी आहे.’ एवढ्यावर पुडकं मिळतं. आमच्या मालकांचा माझ्यावर भरवसा होता. मी करमशीसाठी शब्द टाकला. त्याला पहिलं पुडकं मिळालं, त्यातून त्याची पहिली घंटी आली.

ध्रुवी : स्वतःसाठी का नाही मागितलंत?

भीखुभाई : स्वतःसाठी स्वतःच कसा शब्द टाकणार? आमचं ठरलं होतं. आधी मी त्याच्यासाठी, मग दुसऱ्या मालकाकडे तो माझ्यासाठी.

ध्रुवी : मग टाकला त्यांनी?

भीखुभाई : तुझं काय राहिलंय ते वाच.

ध्रुवी : एकच सवय राहिलीय. समाजाच्या पुस्तिकेत शेठनी स्वतःच सांगितलीय. ‘माझी शेवटची सवय सगळ्यांत मोलाची. आजवर मी कुणासाठीही शब्द टाकलेला नाही, सख्ख्या भावासाठीही नाही. दुसऱ्याच्या चुकीत आपलं नाव जातं. मुलांनो, एवढं कायम लक्षात ठेवा.’

जयसुख : बापूजी, हे तुम्हाला माहीत होतं?

भीखुभाई : चाळीस वर्षांपूर्वीचं माहीत होतं. वाटलं, वयानं माणूस सैल होतो.

जयसुख : आणि तरी तुम्ही त्याला नावं ठेवत नाही!

भीखुभाई : कशाबद्दल ठेवू? त्यानं पुडकं दिवसाच्या दिवशी परत केलं. एक कण कमी नव्हता. माझं नाव राखलं त्यानं.

जयसुख : दुसरं कुणी नाही? विचार करून सांगा. कुणीही.

भीखुभाई : मोठ्या माणसांत मला ओळखणारा तो एकच.

ध्रुवी : आजोबा, मी काही चुकीचं वाचलं का? हे शेवटचं काढून टाकू?

भीखुभाई : नको बाळा. खरं आहे ते. फक्त ‘सख्ख्या भावासाठीही’च्या आधी जरा थांब, मग बोल. लोक टाळ्या वाजवतील.

जयसुख : साडेतीन झाले.

भीखुभाई : हा सदरा टांगून ठेव जयसुख. इस्त्री मोडली नाही अजून. परवा भाषणाला घालीन.