मोजून ठेवलेलं भांडं

बसा ना, बॅग कुठे पळून जात नाहीये — तुमच्या ताईनं सगळं भरूनच ठेवलंय, देतो. आधी या कुत्रीचं भांडं भरू द्या, वेळ झाली तिची. पिल्लांना हात नका लावू हं. एरवी गरीब गाय आहे हो, पण आता बाळंतीण — सात पिल्लं, चौथा आठवडा. हाच आठवडा आईचा जीव काढतो, तिप्पट खाणं लागतं. एकदम नाही घालायचं, ओकून टाकते — दिवसातून पाच वेळा, थोडं थोडं. मऊ भात, कोंबडीचं मांस, उकडलेलं अंडं, मीठ-मसाला नाही. आणि पाणी? पाण्याचं भांडं रिकामं दिसताच कामा नये. तीस वर्षं कुत्री पाळून विकतोय, एकही आई खंगू दिली नाही मी.

शिजवायचं कोण? तुमची ताईच की. बाळ खांद्यावर, दुसऱ्या हातानं ढवळायची. माझा मुलगा बोटीवर, सहा-सहा महिने घरी नसतो. आणि आमच्या घरची रीतच आहे — पिल्लं असली की आधी कुत्रीचं भांडं, मग माणसांची ताटं. कुत्रीचं झालं की माझं ताट, मग बाळ रडणार, मग पुन्हा कुत्रीची वेळ... तुमची ताई कधी जेवायची? मला काय माहीत. विचारलं नाही. घरातच तर होती, भूक लागली की घेईल — असंच वाटतं ना माणसाला?

परवा स्वयंपाकघरात गेलो, तर ती उभ्या उभ्या या कुत्रीच्या भांड्यातलं अंडं खात होती. घाईघाईनं. सांगितलं नाही तिनं तुम्हाला? मी काय म्हणालो, तेही नाही? गुणाची पोर. मी म्हणालो, ‘ते मोजून ठेवलंय.’ एवढंच हो, आवाजसुद्धा चढवला नाही. तिनं तोंडातलं गिळलं, हात धुतले, आणि दुसरं अंडं उकडायला ठेवलं — कुत्रीसाठी. संध्याकाळी बाळाला घेऊन तुमच्याकडे. तेव्हापासून मी भांडं भरतो, भांडं धुतो. वाईट वाटायला हवं, कळतं मला. वाटत नाहीये काहीच.

ताईचं दूध आटलंय म्हणता? वरचं सुरू केलं? असं. वजन किती भरलं बाळाचं? — नाही, आधीचं मला ठाऊक नाही. काटा आहे घरात, पण तो पिल्लांचा. रोज करतो मी. सातही पिल्लांचं.

उठा. बॅग आतल्या खोलीत, डावीकडे. आणि जाताना दार ओढून घ्या — ती जेवताना कोणी समोर उभं राहिलेलं तिला चालत नाही.