तेरा तारखेनंतरचे मेसेज

कासार आंबोलीच्या कॉफीच्या दुकानात सकाळी अकराला गिऱ्हाइकं फक्त दोघंच होती. जवळच्या माले गावाहून आलेली दीपाली आणि तिच्यासमोर बसलेला माणूस. शेजारचं टेबल पुसणाऱ्या सगुणाबाईंना त्यांचं बोलणं ऐकू न येणं शक्यच नव्हतं.

“फोटोतले तन्मय तुमी न्हाई.”

“नाही. मी सुजय, त्याचा मोठा भाऊ.”

“मग ते कुटं हायेत?”

“तन्मय गेला. मागच्या महिन्यात, तेरा तारखेला. गाडी घसरली.”

“काय बोलताय? आज सकाळीच त्यांचा मेसेज आलाय मला!”

“तो मी केला. त्याचा फोन माझ्याकडे आहे. स्मशानातून घरी आलो, तर तुमचा मेसेज होता, ‘का आला न्हाई?’ मला खरं लिहवेना. ‘काम निघालं’ असं लिहून टाकलं.”

“आन् पुढं म्हैनाभर?”

“रोज वाटायचं, आज सांगू. तुम्ही त्याला ‘जेवला का’ असं विचारायचात. घरात तर त्याचं नावसुद्धा कुणी काढत नाही.”

“माझ्या आईचं दुखणं मी तुमाला सांगितलं? आन् लग्नाला व्हय म्हणाले, ते कोण?”

सुजय कपातली कॉफी ढवळू लागला.

“सांगा की!”

“मीच.”

दीपालीने आपला फोन त्याच्यापुढे सरकवला.

“ह्यातला त्यांचा शेवटचा मेसेज कंचा, तेवढा दाखवा.”

त्याचं बोट बराच वेळ पडद्यावर सरकत राहिलं.

“हा. ‘निघालो. पौडला पोचलो की फोन करतो.’”

“आन् मी तवा पौडच्या स्टँडवर उभी राहून त्यांना शिव्या देत होते.”