कर गेला, पण गेला कुठे?

आणि वर मलाच म्हणतात, ‘मजा आहे बुवा तुमची!’ अहो, न्हाव्याच्या खुर्चीत बसलोय, गळ्याशी वस्तरा टेकलाय, म्हणजे मान हलवून नाही म्हणायचीसुद्धा सोय नाही, आणि हा बाबा वस्तरा फिरवत फिरवत म्हणतो, ‘डिझेलवरचा कर गेला, आता काय, तुम्हा गाडीवाल्यांची चंगळ!’ तुम्हाला सांगतो, कर गेला होता त्या तीन महिन्यांत जो भेटला तो हेच म्हणाला. शेजारी म्हणाला, दूधवाला म्हणाला, दाताच्या डॉक्टरने तर माझा जबडा उघडा ठेवून ऐकवलं. बरं, कर गेला, मान्य. सरकारने सांगितलं गेला, म्हणजे गेला. पण गेला तर गेला कुठे? माझ्याकडे तर आला नाही!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही म्हणाल मजा आहे.

माझी एक व्हॅन आहे. डिझेलची. म्हातारी आहे, चढावर खोकते, मागचं दार आतून उघडत नाही, पण माझी आहे. आमच्या वस्तीतल्या सहाजणींना सकाळी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका ऑफिसात सोडायचं आणि संध्याकाळी घरी आणायचं, हा आपला धंदा. महिन्याचं भाडं ठरलेलं. आता डिझेल चढत गेलं, चढत गेलं, आणि भाडं मात्र जिथल्या तिथे बसून. का? तर वाढवून मागायला तोंड उघडावं लागतं, आणि आमचं तोंड म्हणजे जेवायला आणि जांभई द्यायलाच काय ते उघडतं.

शेवटी बायको म्हणाली, ‘अहो, एक तर भाडं वाढवा, नाहीतर ती गाडी विका आणि माझ्या भावाकडे जा. त्याने जागा धरून ठेवलीय.’ हा भाऊ म्हणजे माझा मेव्हणा. त्याची गोदामं आहेत, ट्रक आहेत, बोटात अंगठ्या आहेत. त्याचा फोन दर रविवारी. ‘भावोजी, या की आमच्याकडे! आपलाच ट्रक समजा.’ आपलाच ट्रक! अहो, ज्याला मी सायकल शिकवली, ज्याच्यामागे सीट धरून मी गल्लीभर धावलो, त्याच्यापुढे सकाळी उभं राहून ‘साहेब, चावी द्या’ म्हणायचं? आणि ट्रक एकदा निघाला की आठवडा आठवडा घरचं तोंड दिसायचं नाही. माणूस तसा वाईट नाही हो तो, मनापासून बोलावतो, तेच तर जास्त लागतं. तर मुद्दा एवढाच, की भाडं वाढलं नाही तर माझी व्हॅन जाणार आणि मी मेव्हण्याचा ड्रायव्हर होणार. झोप उडाली होती माझी.

म्हणून मी ठरवलं, एक तारखेपासून भाडं वाढवायचं. नुसतं ठरवलं नाही, तालीम केली! रिकाम्या व्हॅनमध्ये बसून वरच्या आरशात बघत बोलायचो, ‘बाई, तुम्हाला तर माहीतच आहे...’ छे, फार मिळमिळीत वाटलं. मग जरा छाती काढून, ‘बाई, यापुढे भाडं...’ तर शेजारून एक गृहस्थ चालले होते, ते दचकले. असं चार दिवस चाललं आणि पाचव्या दिवशी सहाही जणी गाडीत असताना मी घसा खाकरला. आता सहाजणींपैकी बोलणाऱ्या दोघी, ते सांगून ठेवतो. पुढच्या सीटवर हिशेबाच्या बाई, त्या ऑफिसात हिशेब बघतात आणि गाडीतही तेच बघतात. आणि मागे रिसेप्शनवरची ताई, तिचा जीव फार कोवळा. तर मी खाकरलो, म्हटलं, ‘बाई, एक बोलायचं होतं...’ आणि तेवढ्यात रेडिओ काय म्हणतो? ‘डिझेलवरील कर तीन महिन्यांसाठी स्थगित करण्यात आला आहे.’

माफ नाही बरं का, स्थगित. शब्द लक्षात ठेवा.

गाडीत टाळ्या वाजल्या हो! रिसेप्शनवरची ताई म्हणाली, ‘काका, सुटलात!’ आणि हिशेबाच्या बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘तुम्ही काय बोलत होतात?’ म्हटलं, ‘काच वर करा, वारं लागतंय.’

बरं, कर जाणार होता एक तारखेपासून, आणि त्या दिवशी होती चोवीस. आमच्या स्टँडवरचे सगळे व्हॅनवाले जमले. एकच चर्चा. आता एक तारखेपर्यंत टाकीत थेंब घालायचा नाही. महाग कशाला घ्यायचं? आहे त्यावर ढकलायची आणि एकला स्वस्तात फुल्ल करायची. सगळ्यांनी माना डोलावल्या, मी तर सगळ्यात जोरात डोलावली. आता तुम्हाला सांगतो, डिझेल गाडीची टाकी कोरडी होऊ द्यायची नाही, हे ड्रायव्हरला स्टिअरिंग हातात द्यायच्या आधी शिकवतात. टाकी संपली की पाइपात हवा शिरते, तळाचा गाळ वर येतो, आणि मग वरून कितीही डिझेल ओता, ती गाडी नवऱ्यावर रुसलेल्या बाईसारखी हलत नाही. हे आम्हाला माहीत नव्हतं? आमच्यातल्या एकेकाचे केस पिकलेत या धंद्यात! पण स्वस्त म्हटलं की माणसाचं काय होतं कोण जाणे. काटा लाल रेषेवर आला, मी म्हटलं चालेल. काटा लाल रेषेच्या खाली गेला, मी काट्याकडे बघायचंच सोडलं.

तीस तारीख. सकाळ. उड्डाणपुलाचा चढ. व्हॅन एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि मग अशी शांत झाली की मला तिचा आवाज आवडायचा हे तेव्हा कळलं. मागे हॉर्नचा गजर. सहाजणी उतरल्या. ऑफिसच्या साड्या, चपला, खांद्याला पर्सा, आणि ढकलतायत! रिसेप्शनवरची ताई म्हणते, ‘काका, तुम्ही बसा, तुम्हाला दमा आहे.’ हिशेबाच्या बाई ढकलता ढकलता म्हणतात, ‘डिझेल का नाही भरलं?’ म्हटलं, ‘उद्या स्वस्त होणारे ना.’ त्या थांबल्या. कपाळावरचा घाम पुसला. ‘किती वाचणार होते?’ मी आकडा सांगितला. त्यांनी पुन्हा खांदा लावला, पण त्या दिवशी सहाहीजणींचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला, हे मला संध्याकाळी कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

व्हॅन ओढत मेकॅनिककडे नेली. तर त्याच्या दारात रांग! आमचा अख्खा स्टँड तिथे. एकमेकांकडे कुणी बघेना. मेकॅनिक बॉनेटमधून डोकं काढून म्हणाला, ‘तुम्हीसुद्धा?’ हवा काढली, फिल्टर बदलला, टाकी धुतली, आणि बिल हातात ठेवलं. तुम्हाला सांगतो, जेवढा कर मला वाचणार होता ना, त्यापेक्षा ते बिल जास्त. कर गेला! गेला कुठे? इथे एक टोक सापडलं, मेकॅनिककडे गेला. बरं, त्याला तरी मिळाला म्हणावं, तर तो म्हणतो, ‘सगळ्यांनी उधारीवर ठेवलंय.’

मग उजाडली एक तारीख. पंपावर रांग अशी, की शेपूट पुलापर्यंत. दोन तास इंजिन चालू, बंद, चालू, बंद. नंबर आला, बघतो तर भाव उतरलाय खरा, पण कराच्या निम्म्यानेच! मी म्हटलं, अहो, कर तर एवढा होता? पंपमालक बाहेर आला. माणूस बारीक, चष्म्याला दोरी, सकाळपासून शिव्या खाऊन चेहरा एवढासा झालेला. मला म्हणतो, ‘दादा, जमिनीखालच्या टाकीत जो माल आहे ना, त्यावर मी कर आधीच भरून बसलोय. तो मला कोण परत देणार?’ भांडायला गेलो होतो मी, बाह्या सरसावून. मीच म्हटलं, ‘बसा, पाणी प्या.’

पलीकडच्या नळीवर एक गाडी उभी होती, आमच्या स्वयंपाकघराएवढी. आत एकच माणूस आणि गारवा. त्याने टाकी भरली, वर दोन कॅनही भरले. माझी टाकी केवढी, त्याची केवढी! म्हणजे त्याला माझ्या तिप्पट सूट. मला त्याचा राग नाही, कायदेशीरच घेत होता बिचारा. पण सूट लिटरला असते, माणसाला नसते, हे मला त्या दिवशी उमजलं. खोटं कशाला बोलू, चार पैसे मलाही सुटले पुढच्या आठवड्यात, पंपावर नवा माल आल्यावर. अगदीच काही नाही असं नाही. एवढ्यात तरी मेव्हणा लांब राहील असं वाटलं, आणि मी जरा शीळबीळ वाजवायला लागलो.

ती शीळ नडली. हिशेबाच्या बाईंनी ऐकली. म्हणाल्या, ‘काका, कर गेला, मग आमचं भाडं किती कमी?’ आता बघा हं, मी वाढवायला निघालेला माणूस! आरशासमोर तालीम केलेला माणूस! मी ठणकावून सांगायला पाहिजे होतं की नाही? पण डोळ्यांपुढे आला तो उड्डाणपूल, त्या साड्या, तो अर्धा दिवस. आणि माझ्या तोंडून काय निघालं? ‘तुम्ही म्हणाल तेवढं.’ त्यांनी सांगितलं तेवढं कमी केलं. घरी बायकोला सांगितलं. ती कणिक मळत होती, तिने परातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा कणिक मळायला लागली, जरा जोरात.

आणि रस्ते? तो कर होता रस्त्यांसाठी! कर थांबला, तशी रस्त्यांची कामंही थांबली. आमच्या कोपऱ्यावरचा खड्डा, खडी आणून टाकली होती, ती खडी तशीच पडून, आणि खड्डा आपला वाढतोय. तिसऱ्या महिन्यात व्हॅनचा मागचा पाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंग, तिथेच मोडला. म्हणजे कराचं दुसरं टोक सापडलं, खड्ड्यात!

तीन महिने संपले. कर परत आला. आणि आला तो एका रात्रीत, अख्खाच्या अख्खा, वर मूळ भावही चढलेला. मी पंपावर गेलो, म्हटलं, मालक, तुमच्या टाकीत जुना माल असेल ना, बिनकराचा, मग जुन्या भावाने द्या! तो चष्मा पुसत म्हणाला, ‘दादा, उद्याचा टँकर मला नव्या भावाने घ्यायचाय. आज स्वस्त विकलं तर उद्या भरू कशाने?’ म्हणजे जाताना हळू हळू गेला आणि येताना धावत आला. आणि खोटं तरी कुठे बोलत होता तो?

आता मात्र पर्याय नव्हता. रविवारी मेव्हण्याचा फोन आला होता, ‘भावोजी, सोमवारपर्यंत सांगा, नाहीतर दुसरा माणूस घेतो.’ सोमवारी सहाजणी गाडीत बसल्या. मी रेडिओ बंद केला, आधी तेच केलं, आणि डोळे मिटून, म्हणजे गाडी उभी होती, एका दमात बोललो. जुनं भाडं परत आणि वर एवढी वाढ, नाहीतर व्हॅन विकतो, मी ट्रकवर जातो. संपलं. मग रिसेप्शनवरची ताई रडवेल्या आवाजात म्हणाली, ‘काका, तुम्ही गेल्यावर आम्ही जायचं कसं?’

दिवसभर काय घालमेल झाली म्हणून सांगू! संध्याकाळी हिशेबाच्या बाई पुढे बसल्या, पट्टा लावला, आणि म्हणाल्या, ‘काका, आम्ही सगळ्यांनी ठरवलं. तुमची वाढ मंजूर. पूर्ण.’ अहो, माझे डोळे भरून आले. एवढी वर्षं तोंड बंद ठेवलं मी, उगाच! मी चावी फिरवली, व्हॅनसुद्धा पहिल्या फटक्यात सुरू झाली. तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत, अगदी हळू म्हणाल्या, ‘फक्त एक आहे. आमचीही पगारवाढ मंजूर झालीय. हातात यायची आहे तीन महिन्यांनी. तोवर तुमची... स्थगित.’

मागे बघितलं. सहाजणी माना खाली घालून. त्यांच्याकडे असतं तर त्यांनी दिलं नसतं? म्हटलं, ‘चालेल.’ रस्त्यातूनच मेव्हण्याला फोन केला, म्हटलं, बाबा रे, जागा धरून ठेव, फक्त तीन महिने. तो म्हणाला, ‘भावोजी, तुमच्यासाठी कितीही.’ चांगलाय हो तो, सांगितलं ना, तेच लागतं.

घरी आलो. बायको दारातच उभी. ‘वाढलं का भाडं?’ म्हटलं, ‘वाढलं की!’ तिचा चेहरा असा उजळला, असा उजळला, की मला पुढचं बोलवेना. तिने लगेच चहा टाकला, साखर जरा जास्त घातली, कप हातात दिला आणि हात पुढे करून म्हणाली, ‘मग आणा की. वाढलं ते कुठंय?’

आता तुम्हीच सांगा, काय सांगू तिला? वाढलं, मान्य. पण वाढलं तर वाढलं कुठे?