गोदूबाई कोण?

दादा : वाच. मोठ्यानं वाच. साहेबानं मला ऑफिसात चार माणसांत वाचायला लावलं, तू निदान घरात वाच.

नंदिनी : मीच लिहिलंय, दादा. काय वाचू?

दादा : ‘या घराण्यात आज विधवेचा पाट लावणे, म्हणजे तिचा पुनर्विवाह करणे, कमीपणाचे मानतात, परंतु दोन पिढ्यांपूर्वी घरची कर्ती स्त्री, गोदूबाईची आई, स्वतः पाटानेच आली होती.’ म्हणजे आपली आजी! पोरीच्या सोयरिकीसाठी मी लोकांचे उंबरे झिजवतोय, आणि सख्खी बहीण मासिकात छापती, ह्यांची आजी पाटाची!

नंदिनी : आडनाव नाही, पेठेचं नाव नाही. माणसांची नावंसुद्धा बदललीत.

दादा : पूर्वीची गुळाची अडत, माहेरी परत आलेली विधवा लेक. कोल्हापुरात शेंबडं पोर पण सांगंल, घर कुणाचं ते!

नंदिनी : मग मला बाहेर जाऊ द्यायचं होतंस! गारगोटीच्या वरचा धनगरवाडा, वर्षभर मुक्काम, समाजशास्त्राच्या पीएच.डी.चं काम. सरांनी सगळं ठरवलं होतं. तू म्हणालास, बाईमाणूस एकटी डोंगरात राहणार नाही. माझ्या अभ्यासाला माणसं लागतात, दादा. तू मला चार भिंतींत ठेवलीस, मी चार भिंतींतल्या माणसांचा अभ्यास केला.

दादा : वर तोंड करून बोलती! ते आंतरराष्ट्रीय बायकांचं वर्ष चाललंय म्हणून काय घरातलं सगळं चव्हाट्यावर मांडायचं? आणि हिला हे सांगितलं कुणी? आत्ती! बाहेर ये आधी.

आत्ती : वरडू नगंस. मीच सांगितलं.

दादा : अक्कल हाय का तुला? तुझ्या आईची अब्रू ती!

आत्ती : आईला त्याची लाज नव्हती, तुझ्या बापाला हुती. सतराव्या वर्षी कपाळ पुसून परत आलो मी. गडहिंग्लजचा एक बिजवर मागणं घिऊन आलता. चांगला हुता. तुझ्या बापानं त्येला सोप्यातनंच परत लावला. आमच्यात पाट लावत न्हाईत, म्हणाला. आत चुलीम्होरं आई भाकऱ्या थापत हुती. पाटानं आलेली. एक शबुद बोलली न्हाई.

नंदिनी : गडहिंग्लजचं तू मला सांगितलं नाहीस, आत्ती.

आत्ती : इचारलंस कुठं? आणि माझा राग तुझ्यावर बी हाय. ही गोदूबाई कोण?

नंदिनी : तूच की. सांगणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून नाव बदलतात. तशी पद्धतच आहे आमच्यात.

आत्ती : मला काय तरास व्हायचा ऱ्हायलाय? जलमभर राबलो ह्या घरात. एका लग्नपत्रिकेत माझं नाव न्हाई. एकदाच छापून आलो, ते बी दुसरीच्या नावानं! अंबूबाई हाय माझं नाव. अंबूबाई लिव्हायचं.

नंदिनी : चुकलं, आत्ती. पुढच्या खेपेला...

दादा : पुढची खेप न्हाय! हे शास्त्र बंद. पीएच.डी. बंद. घरात बसायचं.

नंदिनी : मला जन्मभर हेच करायचंय, दादा! सरांनी अजून जागा ठेवलीय, पण एक तारखेला धनगरवाड्यावर पोचले नाही तर ते दुसऱ्याला पाठवणार आहेत.

दादा : पाठवू देत.

आत्ती : बसव की तिला घरात. लई बेस. मला बी दुपारचं कोण न्हाई बोलायला. तुझ्या बापाचं निम्मं सांगायचं ऱ्हायलंय, गणपा. मग तुझं बी हाय थोडं.

(दादा मासिकाची घडी घालून खिशात ठेवतो.)

आत्ती : बोल की आता.

दादा : गारगोटीची पहिली गाडी किती वाजता हाय?