तिसरी पाचर

हॅलो?… दादा? परत बोल बरं… काही नाही रे. मी पहिल्यांदा कडा चढले ना, तेव्हा वरून अश्शीच हाक आली होती. 'ये गं चिमणे, दोर माझ्या हातात आहे!' नऊ वर्षांची होते… हो, रडतही होते. तेवढं बरं लक्षात राहतं तुझ्या!

दरीत आलेय. आपल्याच… एकटीच. अरे, चढत नाहीये, नुसती बघायला आले. चिटपाखरू नाही इथे. एक पाल तेवढी दगडावर शेकत पडलीय, सुट्टीच्या दिवशी तू पडतोस तशी.

हो… तुझी चढाईची पिशवी मीच आणली. वहिनीने माळ्यावरून काढून दिली… तिला कशाला ओरडतोस? मी मागितली म्हणून दिली. दोर नवा घेतलाय, पाचरी मात्र तुझ्याच. एकेक पुसून ठेवलीय.

कडा? आहे तस्साच. सकाळपासून ऊन पांघरून बसलाय. भेगेत हात घातला की आत गार, बाहेर ऊब. दगड म्हणतो ये, वारा म्हणतो थांब… बरं बाबा, गाणं पुरे. रविवारी येतोस का माझ्याबरोबर?

घोटा दुखतो? मग परवा शिडीवर चढून खिडकी कोणी बसवली? सगळं कळतं मला…

अरे, ऐक ना… इथे कड्यात कधी खिळे ठोकले का आपण? आपण भेगेत पाचर बसवायची, तिच्यात दोर अडकवायचा, जाताना काढून न्यायची. दगडाला खबर नको. तूच शिकवलंस ना?… हं… हं… 'माझा हात चुकला, पाचर निसटली.' तू पडलास तेव्हापासून, सात वर्षं हेच ऐकतेय. अख्ख्या गल्लीची दारं बसवणारा सुतार तू, आणि बोटाएवढी पाचर…

चेष्टा नाही करत. दादा?… रडतोयस?… बरं, सर्दी.

थांब, ठेवू नकोस. त्या तिसऱ्या पाचरीचंच सांगायचंय. ती निसटली नव्हती… ऐक तर. तू दवाखान्यात होतास, दुसऱ्या दिवशी वरून उतरून सामान मीच काढलं. ती जागच्या जागी होती. अर्धा तास ठोकली, तेव्हा कुठे हलली…

मग एवढा खाली कसा आलास?… तेच सांगतेय ना.

त्या दिवशी ऊन कलंडलं होतं. खाली तुझा दोर मी धरला होता. कड्याच्या पायाशी सावली आली, मला हुडहुडी भरली. दोर धरणाऱ्याने कड्याला चिकटून उभं राहायचं, माहीत होतं मला. तरी तू वर असताना मी मागे सरकले, उन्हात. चार पावलं. तू कड्यावरून सुटलास, दोराने मला फरफटत कड्यापाशी नेलं, आणि तेवढाच तू जास्त खाली आलास… खालच्या खडकावर आदळलास.

मदतीला धावलेले सगळे तुझ्या मोडलेल्या पायाभोवती होते. कोणी मला विचारलंच नाही. मीही बोलले नाही.

तुझा हात नव्हता चुकला, दादा. मी जागा सोडली होती.